हुंगून घेतलेलं लाकूड

भट्टीकाकूंच्या आवारात लाकूड शिरायचं ते नाकाच्या परवानगीने. टेम्पो फाटकाशी थांबला की काकू खुर्चीतून उठायच्या, खिशातला छोटा चाकू काढायच्या, प्रत्येक फळीची, प्रत्येक ओंडक्याची एकेक ढलपी उडवायच्या आणि डोळे मिटून हुंगायच्या. मान हलली की माल आत. नाही हलली की टेम्पोवाल्याने कितीही गयावया केली तरी माल आल्या पावली परत. टेम्पोवाला म्हणजे त्यांचा सख्खा मुलगा. पण त्याने काही फरक पडत नसे. उलट त्याला दोन शब्द जास्तच ऐकावे लागत.

नाव भट्टी असलं तरी तिथे लाकूड जळत नसे. एवढ्या एका गोष्टीवर काकू नव्या माणसाची शाळाच घ्यायच्या. "जाळायला काय, कोणीही जाळेल. काडी ओढली की झालं. आम्ही लाकूड शिजवतो." आरायंत्राच्या मागे विटांच्या चौथऱ्यात एक भलं मोठं लोखंडी पिंप आडवं बसवलेलं होतं. सुतारांनी टाकलेले तुकडे, फुटक्या खोक्यांच्या फळ्या, बागांमधल्या छाटलेल्या फांद्या, फळांची टणक कवचं, असं लोकांना नको झालेलं सगळं त्यात भरायचं, झाकण मातीने लिंपायचं आणि खालून जाळ घालायचा. आत हवाच नाही, त्यामुळे लाकडाला पेटायची सोय नाही. ते नुसतं तापतं आणि धूर सोडतं. हा धूर लांब नळीतून पाण्याच्या टाकीत फिरवून आणला की थंड होऊन थेंब थेंब गळायला लागतो. आधी नुसतं पाणी येतं, ते फेकून द्यायचं. मग चहाच्या रंगाचं आंबटसर धूरपाणी, ते रोपवाटिकेला. शेवटी काळं चिकट डांबर, ते होड्या आणि कुंपणं माखणाऱ्यांना. उरलेला धूर परत भट्टीखाली सोडायचा, म्हणजे तोच जळून भट्टी तापवत राहतो. दोन दिवसांनी पिंप गार झालं की आत निघायचा वाजणारा, काळाकुळकुळीत कोळसा. लोहार आणि इस्त्रीवाले तो न्यायचे, आणि खाली राहिलेला चुरा बागवाले मातीत मिसळायला मागायचे.

यात वाया काहीच जात नसे, पण आत गेलेली घाणही कुठे जात नसे. रंग दिलेलं, गोंद चिकटवलेलं, वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेलं लाकूड चुकून पिंपात गेलं, तर ते औषध धुरात उतरतं, धुरातून पाण्यात आणि पाण्यातून रोपांच्या मुळाशी. उन्हापावसात राखाडी पडलेली फळी नुसती बघून सांगता येत नाही की तिच्या पोटात काय आहे. म्हणून ढलपी, म्हणून चाकू, आणि म्हणून काकूंचं नाक.

हे नाक घडवलं होतं काकांनी. काका कोळसेवाल्यांच्या घरातले. त्यांचे वडील मातीच्या ढिगाऱ्यात लाकूड पुरून आठ-आठ दिवस राखण करत बसायचे. काकांनी ते सोडून लोखंडी पिंप आणलं आणि धूर पकडायला सुरुवात केली. लग्न होऊन चार दिवस झाले नव्हते तोच त्यांनी नव्या नवरीला आवारात नेऊन एका ओंडक्यावर बसवलं आणि तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. बिचारीला वाटलं, काहीतरी भेट देणार. काकांनी नाकाखाली धरली एक ढलपी.

"सांग, काय आहे?"

"लाकूड," नवरी म्हणाली.

"ते मलाही दिसतंय गं. कसलं?"

त्या दुपारी त्यांनी तिला पहिल्यांदा चिडाचं, म्हणजे पाइनचं लाकूड हुंगायला दिलं, मग निलगिरीचं, मग सुरूचं, मग एका जुन्या दाराची रंगवलेली चौकट. चौकटीला तिने तोंड वाकडं केलं आणि ओकारी आल्यासारखं केलं, तेव्हा काका इतके खूश झाले की त्यांनी टाळ्याच वाजवल्या. पुढे वर्षभर हा खेळ चालला. इतरांच्या बायकांना गजरे मिळायचे, हिला कागदात गुंडाळलेल्या ढलप्या. ती रागवायची, पण पुडी उघडायच्या आधी डोळे मिटायची. दोन-तीन वर्षांत ती काकांच्याही पुढे गेली, आणि काकांनीच एक दिवस फाटकाशी खुर्ची टाकून तिला त्यावर बसवलं. "आजपासून मी भट्टीचा आणि तू फाटकाची," ते म्हणाले. काका जाऊन आता अकरा वर्षं झाली होती. भट्टीही काकूंचीच झाली होती, पण बसायच्या त्या फाटकाशीच.

मुलाचं नाक म्हणजे नुसतं शोभेचं. सर्दी त्याच्या पाचवीलाच पुजलेली. तो सरळ म्हणायचा, "आई, तू आहेस तोवर भट्टी. तुझ्यामागे मी हे पिंप भंगारात घालीन, मला हे झेपणार नाही." काकू वरवर हसायच्या, पण हे बोलणं त्यांच्या पोटात जाऊन बसलं होतं. काकांनी हाताने उभं केलेलं एवढं एकच काही मागे राहिलं होतं.

आणि सून? सुनेला नाक होतं, जरा जास्तच होतं. घरात आल्या दिवसापासून तिचं सुरू. फडक्याला कुबट वास येतोय. माठातलं पाणी शिळं आहे. शेजाऱ्यांच्या मोरीत काहीतरी मेलंय. आणि मेलेलं निघायचंही. काकू तिला घरात "आमच्या इन्स्पेक्टरबाई" म्हणायच्या आणि आवारात पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. "तू घरातलं बघ, तुला लाकडातलं काय कळणार!" खरं सांगायचं तर एका घरात दोन नाकं काकूंना परवडत नव्हती.

थंडीत काकूंना ताप आला. आठवडाभर अंथरुणात होत्या. उठल्या त्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात चूल सांभाळत बसलेल्या असताना सून अंगणातून धावत आली आणि तिने पातेलं खाली उतरवलं. दूध करपून काळं झालं होतं. काकू त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर बसल्या होत्या.

"डोळा लागला होता का, आई?"

"हो गं, लागला जरा," काकू म्हणाल्या.

डोळा लागलेला नव्हता. सून बाहेर गेल्यावर त्यांनी साबण हुंगला, रॉकेलचा डबा हुंगला, कांदा चिरून नाकाशी धरला. डोळ्यांना पाणी आलं, पण वास नाही. मग त्या आवारात गेल्या आणि ताज्या चिडाची ढलपी काढली. तीही मुकी. त्या ओंडक्यावर बसल्या आणि त्यांना सासर-माहेर दोन्ही एकदम तुटल्यासारखं वाटलं. आज परत येईल, उद्या येईल म्हणत त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलगा दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला घेऊन आला असता.

तेव्हापासून फाटकाशी नाटक सुरू झालं. चाकू तोच, डोळे मिटणं तेच, मान हलवणंही तेच. काकू आता लाकूड डोळ्यांनी बघायच्या, बोटाने खरवडायच्या, वजन करायच्या आणि शंका आली की परत पाठवायच्या. मुलगा वैतागला. "आई, आजकाल तुझ्या नाकाला काहीच पसंत पडत नाही!" चार महिने असे गेले. काकूंनी वासाशिवाय चार महिने काढले खरे, पण जेवण म्हणजे नुसतं चावणं झालं होतं, आणि आवारातली संध्याकाळ त्यांना परक्याच्या घरासारखी वाटायची. पूर्वी त्या डोळे मिटून सांगायच्या की भट्टी कुठवर आली आहे. आता डोळे मिटले की काहीच नसायचं.

आणि मग एका सकाळी मुलाने राखाडी पडलेले खांब आणले. कुठल्याशा मळ्याचं जुनं कुंपण निघालं होतं. काकूंनी ढलपी उडवली. आतली रेघ पिवळसर, सरळ, मऊ. चीड. त्यांनी सवयीने डोळे मिटले, ढलपी नाकाशी नेली, आणि वास आला.

खरंच आला. ताजा, गोडसर, रंध्याखालून निघणाऱ्या भुश्शासारखा. त्यांनी पुन्हा हुंगलं, पुन्हा आला. चार महिन्यांचं ओझं एका क्षणात उतरलं. "घे, घे आत!" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की मुलगा दचकला. सगळा टेम्पो त्यांनी स्वतः उभं राहून पिंपात भरून घेतला, झाकण स्वतः लिंपलं आणि जाळ स्वतः घातला. काम करता करता गुणगुणतही होत्या. मुलाने घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज आईला काय झालंय कोण जाणे, मला चक्क शाबासकी दिली.

दुपारी सून डबा घेऊन आली. एरवी ती फाटकातूनच परत जायची. आज काकू इतक्या खुशीत होत्या की त्यांनी तिला आत हाक मारली. नळीखालच्या बादलीत चहाच्या रंगाचं पाणी गळत होतं. सून दोन पावलं आली आणि थबकली. मग तिने नाकाला रुमाल लावला.

"आई, आज काय घातलंत हो यात?"

"चीड आहे. निव्वळ चीड."

"नाही, आई. एवढी वर्षं घराच्या खिडकीतून येतोय की तुमच्या भट्टीचा वास. तो आंबट असतो, खमंग असतो. हा रंगाच्या दुकानासारखा आहे. घशाला बसतोय."

"तुला काय कळतंय!" काकू नेहमीसारखं म्हणून गेल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता. त्या बादलीशी वाकल्या. जोरात श्वास घेतला. काहीच नव्हतं. पिंपाशेजारी उरलेला एक खांब पडला होता, त्याची ढलपी काढून हुंगली. सकाळी आलेला वास आता येईना. त्यांनी ती ढलपी सुनेच्या हातात दिली, आणि सुनेने तोंड वाकडं केलं, ओकारी आल्यासारखं.

काकू ओंडक्यावर बसल्या. चार महिने कोणाला न सांगितलेलं सगळं त्यांनी सुनेला सांगून टाकलं, अगदी करपलेल्या दुधापासून. सकाळी वास आला होता हेही सांगितलं. "मी शपथेवर सांगते, आला होता गं," त्या म्हणाल्या.

सुनेने विचारलं, "म्हणजे तापानंतर भरलेले धूरपाण्याचे सगळे कॅन तसेच, न हुंगताच?"

काकू ताडकन उठल्या. धूरपाणी लगेच देत नाहीत. ते तीन-चार महिने कॅनमध्ये निवत ठेवतात, गाळ खाली बसू देतात, आणि मग वरचं नितळ तेवढं काढतात. तापानंतरचा पहिला कॅन आदल्या दिवशीच रोपवाटिकेत गेला होता.

आधी त्यांनी भट्टीखालचा जाळ ओढून काढला. पिंप उघडता येणार नव्हतं, तापलेल्या कोळशाला हवा लागली की सगळं भडकतं. ते गार झाल्यावर आतला कोळसा, पाणी, डांबर, सगळंच टाकावं लागणार होतं. मग दोघी शेडमध्ये गेल्या. बारा कॅन ओळीने उभे होते. सून एकेक टोपण उघडून हुंगत होती आणि काकू तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, निकालाच्या दिवशी बघतात तसं. चांगला. चांगला. हाही चांगला. सातव्याला कपाळावर आठी पडली, आणि अकराव्याला. बाकीचे दहा स्वच्छ निघाले. डोळ्यांनी आणि बोटांनी काकूंनी बरंच सांभाळलं होतं, पण सगळं नाही. दोन कॅनवर सुनेने खडूने फुली मारली. काकूंनी त्या फुल्यांकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

"चल. तुला यावं लागेल."

रोपवाटिका रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होती. रोपवाटिकेचे मालक, ज्यांना काकू भाऊ म्हणायच्या, जाळीच्या छपराखाली रोपांचे ट्रे मांडत होते. कॅन त्यांच्या पायाशीच होता, टोपणाला अजून हात लागला नव्हता. "उद्या सकाळी पाण्यात मिसळून घालणार आहे," ते म्हणाले. "काय काकू, आज दोघी?"

काकूंनी कॅनचं टोपण काढलं आणि सुनेकडे सरकवलं. सून वाकली, हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि हळूच म्हणाली, "चांगलं आहे, आई. अगदी स्वच्छ."

इथेच गोष्ट मिटली असती. सहज आलो होतो म्हणून दोघींना परत फिरता आलं असतं. भाऊंना काही कळलं नसतं आणि मुलालाही नाही. काकूंच्या मनात ते आलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. टोपण लावेपर्यंत ते मनात होतंच. मग त्यांनी समोरच्या ट्रेंकडे पाहिलं. नखाएवढी रोपं होती, शेकड्याने.

"भाऊ, मला चार महिने वास येत नाही," त्या म्हणाल्या. "हे पाणी मी न हुंगता दिलंय. ते चांगलं निघालं हे नशीब. शेडमध्ये दोन कॅन खराब निघालेत."

"काकू, मी पंचवीस वर्षं तुमचं पाणी तपासलं नाही," भाऊ म्हणाले. "कधी गरजच वाटली नाही. हे तुम्ही चार महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं."

"हो."

"राग येतोय मला. खोटं कशाला बोलू."

"यायलाच हवा, भाऊ."

त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला, हात पुसले. "मग आता काय? भट्टी बंद? की यापुढे पाणी चांगलं आहे हे मला कोण सांगणार?"

काकूंना वाटलं होतं की हे उत्तर देताना जीभ जड होईल. तशी ती झालीही. "ही सांगेल," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा हिचं नाक चांगलं आहे. मी हिला इतकी वर्षं आवारात येऊ दिलं नाही, ती माझी चूक."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. भाऊंनी कॅन उचलला आणि काकूंना ओलांडून सुनेपुढे धरला. "मग सूनबाई, हा ठेवू ना?" तिने एकदा सासूकडे पाहिलं, पण काकूंनी मुद्दाम नजर दुसरीकडे वळवली. सून म्हणाली, "ठेवा."

दोघी परत निघाल्या. काकूंना हलकं वाटत होतं आणि खूप रितंही वाटत होतं. काकांनी फाटकाशी खुर्ची टाकून दिली तो दिवस आठवून त्यांना रडू येत होतं आणि त्या ते गिळत होत्या. अर्ध्या वाटेवर सुनेने विचारलं, "आई, सकाळी वास आला म्हणालात. कसा होता?"

"कसा म्हणजे? चिडाचा. विश्वास नाही ना बसत तुझा?"

"बसतो. पण मला शिकायचंय ना आता. नीट सांगा."

काकूंनी चालता चालता डोळे बारीक केले. "आधी गोडसर," त्या म्हणाल्या. "ताज्या भुश्शासारखा. मग थोडा राळेचा, जिभेला चिकटणारा. आणि त्याच्या मागून, अगदी हलका, साबणाचा. कपडे धुवायच्या पिवळ्या साबणाचा असतो ना, तसा. तो आला की समजायचं, चीड."

सून जपून म्हणाली, "आई, चिडाला साबणाचा वास नसतो."

"असतो. मला पहिल्या दिवसापासून येतो."

"नसतो, आई. आरायंत्रावर चीड कापलं की घराच्या खिडकीतून वास येतोच की मला. भुस्सा आहे, राळ आहे. साबण नाही."

काकू भर रस्त्यात थांबल्या. डोळ्यांवर रुमाल बांधलेला असताना काकांनी नाकाखाली ढलपी धरली होती, ती कशा हाताने, हे त्यांनी चाळीस वर्षांत एकदाही मनात आणलं नव्हतं. काळे हात घेऊन नव्या नवरीजवळ कसं बसायचं म्हणून काका त्या दुपारी ते साबणाने चांगले घासून धुऊन आले असणार.

"त्यांच्या हाताचा असेल," काकू म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरलं नाही. सुनेने त्यांचा दंड धरला आणि त्यांना रस्त्याच्या कडेला घेतलं, कारण मागून एक टेम्पो येत होता.